खड्ड्यातले नळ

पाणी उताराकडे वाहतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या ज्ञानाचं मोठी माणसं काय करतील, हे मात्र सांगता येत नाही. खालच्या आळीतल्या शिंप्याने एका उन्हाळ्यात गुडघाभर खड्डा करून आपल्या दारातला नळ खाली उतरवला आणि त्याला शेजाऱ्यांपेक्षा जाड धार आली. मग शेजाऱ्याने मांडीएवढा खड्डा केला. पलीकडच्या गिरणीवाल्याने कमरेएवढा. शिंप्याला पुन्हा खणावं लागलं. असं करता करता सगळी आळी दारादारांत खड्डे घेऊन बसली आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एकेक नळ, तोटी काढून टाकलेला. तोटी का काढली, तर पाणी कधी येईल याचा नेम नाही. उघडा नळ आधी फुसफुसतो, मग खाकरतो, मग वाहतो. ते ऐकून बायका हातातलं काम टाकून धावतात.

खणणारा माणूस एकच, गवंडी. त्याच्या हाताला सफाई होती, तोंडाला कुलूप होतं आणि कुणी काम सांगितलं तर नाही म्हणायची सवय नव्हती. शिंप्याचा खड्डा त्याने खणला, गिरणीवाल्याचा त्याने खणला, शिंप्याचा पुन्हा खोल केला तोही त्यानेच. प्रत्येक खड्ड्याला आतून गिलावा, उतरायला पायऱ्या आणि वर घोटून गोल केलेला काठ. स्वतःच्या दारातला तर त्याने छातीएवढा नेला. गवंड्याच्याच घरचा खड्डा उथळ असेल तर लोक आपल्याला काम कशाला देतील, असं त्याचं म्हणणं.

आणि ह्या गवंड्याची बायको गावच्या पाणी समितीची अध्यक्ष होती. आता बोला.

अध्यक्ष ती स्वतःच्या हौसेने झाली नव्हती. समितीच्या डोक्यावर बाईच हवी असा वरून नियम आला. तोपर्यंत गिरणीवाला समिती खिशात घालून फिरत होता. त्याने गावभर नजर टाकली आणि जिचा आवाज आपण कधी ऐकलेला नाही अशी बाई निवडली. गवंडीण गिरणीत दळण घेऊन यायची तेव्हा पट्टा चालू असायचा आणि त्या खडखडाटात कुणाचाच आवाज ऐकू येत नाही, एवढं त्याच्या लक्षात आलं नाही. सहीपुरतंच आहे, वहिनींना काही त्रास नाही, असं तो गवंड्याला म्हणाला. गवंडी हो म्हणाला, अर्थातच.

त्रास तिला आधीपासूनच होता. रोज पाणी खाकरलं की ती हंडा घेऊन त्या छातीएवढ्या खड्ड्यात उतरायची. पायऱ्या शेवाळलेल्या, तळाशी घोटाभर राड. हंडा भरला की तो खांद्यापर्यंत उचलून काठावर ठेवायचा, आतल्या बाजूने हनुवटी लावून पुढे ढकलायचा आणि मग स्वतः चढून यायचं. कमरेतून अशी कळ जायची की क्षणभर डोळ्यांपुढे काही दिसत नसे. पाणी बंद झालं की नळ उलटी ओढ घ्यायचा आणि खड्ड्यातली राड गटागटा पाइपात जायची. दुसऱ्या दिवशी तेच पाणी सगळ्यांच्या हंड्यांत. आळीत कुणाचं ना कुणाचं पोट कायम बिघडलेलं असायचं आणि सगळे हवेला दोष द्यायचे.

टाकी गावाच्या तोंडाशी टेकाडावर होती. तिथून पाइप खालच्या आळीतून जायचा आणि मग चढण चढून वरच्या आळीत. चढणार कसा? खाली प्रत्येक दारात भोक. वरच्या आळीतले नळ गंजून गेले होते. एकाला तर कुणीतरी म्हैस बांधायचं. तिथल्या बायका विहिरीवरून पाणी ओढायच्या आणि त्या विहिरीने आता तळ दाखवायला सुरुवात केली होती.

एका सकाळी त्या रिकामे हंडे घेऊन गवंडिणीच्या दारात आल्या. पुढे होती तिची थोरली जाऊ. घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्या दिराच्या वाट्याला वरच्या आळीतली जागा आली होती. जागा मोठी, पण पाण्याच्या नावाने बोंब. धाकट्याने आपल्याला फसवलं असं दिराच्या मनाने घेतलं आणि तेव्हापासून दोघे भाऊ रस्त्यात समोरासमोर आले तरी एकमेकांच्या डोक्यावरून पाहायचे. थोरली मात्र कुणाच्याच डोक्यावरून पाहत नसे, ती थेट डोळ्यांत पाहायची.

तिने आधी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाली, "अध्यक्षबाई, आम्हाला सही नको, पाणी हवंय. विहिरीत चिखल आहे तोवर आम्ही थांबतो. चिखलही संपला की टाकीपाशीच पाइप तोडणार. मग तुम्हीही चला आमच्याबरोबर ओढ्यावर."

ती हे गमतीत बोलत नव्हती. वरच्या आळीत पहारी होत्या आणि त्या उचलणारी माणसंही होती. पाइप तुटला की दोन आळ्यांत डोकी फुटणार हे गवंडिणीला दिसत होतं. आणि गाव म्हणणार, बाई अध्यक्ष केली म्हणून झालं.

तिने सभा बोलावली. सभेला पुरुष आले. सगळे खड्डे बुजवायचे, नळ जमिनीच्या वर घ्यायचे आणि तोट्या बसवायच्या, म्हणजे खालच्यांचं भरलं की पाणी आपोआप वर चढेल, एवढंच तिचं म्हणणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं एकमत गावात कधी झालं नव्हतं. फक्त शिंपी म्हणाला, गिरणीवाल्याचा बुजला की माझा बुजवतो. गिरणीवाला म्हणाला, माझं काय, शेजाऱ्याने सुरुवात केली की मी आलोच. शेजाऱ्याने शिंप्याकडे बोट दाखवलं. असं बोट आळीभर फिरलं आणि शेवटी गवंड्यावर येऊन थांबलं. सगळ्यांत खोल खड्डा कुणाचा, अध्यक्षबाईंचा. मग आधी त्यांनीच नको का करायला? गवंडी चपला शोधायला लागला. ह्या माणसांना बोलण्यात कोण हरवणार, असं वाटून तिच्या कपाळाची शीर तटतटली. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

घरी नवऱ्याने विषयच काढू दिला नाही. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, त्यात आतून तीन हात गिलावा आहे. एवढं चांगलं काम कुणी बुजवतं का?

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तशी तिने परसातली फुटक्या विटांची रास घमेल्यात भरायला घेतली. ते सासूने पाहिलं. म्हातारीने आपला पाट उचलला, काठ धरून एकेक पायरी उतरली आणि खड्ड्याच्या तळाशी नळाजवळ पाट टाकून बसली.

"टाक आता माझ्या अंगावर माती," ती आतून म्हणाली.

गवंडिणीने घमेलं खाली ठेवलं. भांडी घासली, धुणं धुतलं, अंगण झाडलं. वाकून पाहिलं की खड्ड्यात म्हातारीचं पांढरं डोकं तेवढं दिसत होतं आणि येणारे-जाणारे थांबून विचारत होते की आजी आत काय करताहेत. पाणी भरताहेत, असं ती सांगायची. ऊन वर आलं, खड्ड्यातली सावली आक्रसत आक्रसत एका कोपऱ्यात गेली आणि पाटही तिच्यामागोमाग सरकला. नळाशेजारी बसून म्हातारीने प्यायला पाणी मागितलं. सुनेने तांब्या भरून वरून दिला. म्हातारीने तो रिकामा करून परत दिला.

शेवटी म्हातारीने हाक मारली. तांब्याभर पाणी प्यालेल्या माणसाला जिथे जावं लागतं तिथे तिला जायचं होतं आणि गुडघे उचलत नव्हते.

"हात दे."

"देते. पण पुन्हा उतरायचं नाही, आई."

म्हातारीने तिच्या माहेरचा उद्धार केला. गवंडीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अखेर म्हातारीने मान हलवली, तेव्हा ती खाली उतरली आणि मागून आधार देऊन सासूला वर चढवू लागली. म्हातारी अंगाने काहीच उरली नव्हती, भरल्या हंड्याहून हलकी लागली. काठावर आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "पहिल्यांदा ह्या दारात पाणी आलं ना, तेव्हा मी रडले होते. सगळा जन्म डोक्यावर वाहिलं मी. तुला काय कळणार?"

गवंडिणीला वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. पण वाईट वाटून खड्डा बुजत नाही. सासू मागच्या दारी गेली आणि तिने पहिलं घमेलं रितं केलं. विटांचे तुकडे गिलाव्यावर आपटत खाली गेले. दुपारभर ती विटा आणि माती ओतत होती. टाकीचा वॉल्व सोडणाऱ्या पाणीवाल्याला तिने बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून पाइपाला जोड लावून नळ वर घेतला. तोटीही बसवली. तळहाताला फोड आले होते. काम झाल्यावर तोटी उघडून-मिटून पाहिली तेव्हा तिला अगदी लहान मुलासारखा आनंद झाला.

गवंडी संध्याकाळी आला, त्याने सपाट झालेली जागा पाहिली, पायाने दाबून पाहिली आणि माती नीट चोपलेली नाही एवढंच बोलला. मग दोन दिवस तेवढंही बोलला नाही.

आनंद टिकला पुढच्या पाण्यापर्यंत. आळीभर नळ खाकरले. शिंप्याच्या खड्ड्यात धो धो धार पडायला लागली. गवंडिणीच्या नव्या नळाने एक सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला. पडणार कसं, आजूबाजूचे सगळे नळ कमरेएवढे खोल आणि हिचा एकटीचा वर. तिने सुरुवात केली, आता बाकीच्यांची पाळी. पण बाकीच्यांना काय घाई होती? उलट गवंड्याच्या घरचं पाणीही आता त्यांनाच मिळत होतं. शिंप्याकडे तर हंडे कमी पडले, त्याने पिंपं बाहेर काढली.

हंडा घेऊन तिला शिंपिणीच्या दारात जावं लागलं. शिंपिणीने तिला उभं ठेवलं नाही की हिडीसफिडीस केलं नाही, तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. घ्या ना, तुमचंच आहे, तुम्ही आमच्या अध्यक्ष, असं गोड गोड बोलत तिने हंडा भरून दिला आणि वर विचारलं, आजींना अंघोळीपुरतं हवं का अजून? आळीतल्या बायका पदराआड हसत होत्या. घरी सासू ओट्यावर बसून जो येईल त्याला सांगत होती, आमच्या सुनेने घरचं पाणी गावाला दान दिलं. नवरा एका मगात तोंड धुऊन, काही न बोलता, मुद्दाम मोठ्याने उसासा टाकून कामावर जायचा. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

शिंपिणीकडे पुन्हा जाणं जिवावर आलं तेव्हा ती चढण चढून वरच्या आळीच्या विहिरीवर गेली. थोरली एकटीच रहाटावर होती. दोर सरसर खाली जात राहिला, मग बादली कुठेतरी थपकन चिखलावर बसल्याचा आवाज आला. वर आलं ते पातळ चिखलासारखं पाणी.

"इथे कशाला? इथलंही संपवायला?" थोरलीने विचारलं.

गवंडीण काठावर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली, बुजवलेला खड्डा, सासू, शिंपिणीचा गोडवा, सगळं. सांगताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संताप आला. थोरली ऐकत ऐकत बादली ओढत होती. गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी तिने गवंडिणीच्या हंड्यात ओतलं, निम्मा हंडा होईपर्यंत.

"तू वेडी आहेस," ती म्हणाली. "एकेकाने बुजवायचं म्हटलं तर जो आधी बुजवेल तो तहानेने मरणार. तुझ्यासारखं. कोण बुजवेल मग? सगळ्यांनी एका दिवशी बुजवायला हवं."

"ऐकतंय कोण?"

"वॉल्व कोणाच्या हातात असतो? समितीच्या ना? मग तू समितीत काय लोणचं घालायला बसलीस का?"

अर्धा हंडा कमरेवर घेऊन उतरताना गवंडिणीला वाटत होतं की हे आपल्याला का सुचलं नाही. इतके दिवस ती हात जोडत फिरत होती आणि टाकीचं तोंड तर तिच्याच ताब्यात होतं.

पाणीवाला स्वभावाने गरीब, सगळ्या गावाचा तो भाचा लागायचा आणि सगळ्यांनाच भ्यायचा. वॉल्व फिरवायची लांब लोखंडी चावी तिने मागितली, तेव्हा त्याने ती इतक्या लगबगीने दिली की जणू हात भाजत होता. "कुणी विचारलं तर सांगेन, मामींनी हिसकावली," तो म्हणाला. हिसकावलीच म्हणा, असं तिने सांगितलं.

तिने टाकीपाशी वॉल्वच्या झाकणावर बैठक मारली आणि चावी मांडीवर आडवी ठेवली. निरोप एकच दिला. कुणीच आधी नाही, कुणीच नंतर नाही, सगळ्या आळीने एका दिवशी खड्डे बुजवायचे. बुजले की पाणी सोडीन.

आधी गिरणीवाला आला. पहिल्यांदा वहिनी म्हणाला, मग अध्यक्षबाई म्हणाला, मग नियम सांगायला लागला. तिने विचारलं, बाईच हवी हा नियम तुम्हीच सांगितला होतात ना? तो गवंड्याला समजावतो म्हणून तरातरा निघून गेला. शिंप्याने येऊन शिवलेल्या कपड्यांच्या इस्त्रीला पाणी लागतं हे पटवून पाहिलं. उन्हाने झाकण तापलं होतं, तिची पाठ भाजून निघाली होती आणि तहानेने जीभ टाळूला चिकटत होती. घरी उठून जावं असं तिला किती वेळा वाटलं. थोरली एकदा येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेली, गाळलेलं होतं तरी तळाला माती होती.

पुरुषांनी एक दिवस काढला. काढणारच, पाणी आणायला त्यांना थोडंच जायचं होतं. गेल्या त्या बायका, हंडे घेऊन ओढ्यावर, उन्हातून जायला आणि यायला. संध्याकाळी त्या परतल्या त्या थेट टाकीकडे आल्या. शिंपीण सगळ्यांत पुढे, तोंड लालबुंद. आता ही झिंज्या उपटणार असं गवंडिणीला वाटलं. शिंपिणीने शिव्या दिल्याही भरपूर. त्या संपल्यावर जराशी थांबून म्हणाली, "त्या मेल्या खड्ड्यातून हंडे चढवून माझं गर्भाशय खाली आलंय. नवऱ्याला सांगायची सोय नाही. उद्या सकाळी बुजवायचे ना? सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे," गवंडीण म्हणाली. एवढी वर्षं शेजारी राहून आपण ह्या बाईला ओळखलंच नाही, ह्याची तिला लाज वाटली.

सकाळी फावड्यांचा नुसता खणखणाट झाला. बायका माती ओतत होत्या, पुरुष कुठे किती ओतायची ते सांगत होते. नळ वर घ्यायला गवंडी हवाच होता. खणण्याची मजुरी ज्याने घेतली होती तोच आता बुजवण्याची घेत होता, त्यामुळे त्याची कळी खुलली. नळ एका उंचीला असले की सगळ्यांना सारखं मिळतं, असं तो दारोदार समजावून सांगू लागला, हा शोध जणू त्यालाच लागला होता. गवंडीण ऐकत होती. हसावं की थापी घेऊन डोक्यात घालावी हे तिला ठरवता येईना.

उंची ठरली ती एका हंड्याची. हंडा नळाखाली उभा मावला पाहिजे, बोटभरही कमी चालणार नाही. गवंडीण आपला हंडा घेऊन दारोदार फिरली आणि प्रत्येक नळाखाली ठेवून पाहिला. गिरणीवाल्याने आपल्या घरचा हंडा पुढे केला, तो कळशीहून जेमतेम मोठा होता. तिने तो बाजूला ठेवला आणि आपला लावला. मावला नाही. गवंड्याला पाइप पुन्हा सोडवावा लागला. तोट्या बसल्या. मग तिने वॉल्वला चावी लावून फिरवली.

पाणी आलं. खालचे हंडे भरले, तोट्या एकेक करून बंद झाल्या. बायका तोट्यांवर हात ठेवून उभ्या होत्या, कारण बंद नळावर विश्वास ठेवायची कुणालाच सवय नव्हती. गवंडीण धावत चढण चढली. थोरलीच्या दारातल्या नळाने आधी वारा ओकला, मग गंजाचा खकाणा, एक मेलेला कोळी, लाल पाणी, आणि मग स्वच्छ. धार करंगळीएवढी, पण थांबेना. थोरलीने ओंजळ धरली. पाणी ओंजळीतून सांडून तिच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत गेलं. तिने ओल्या हातांनी तोंड पुसलं, आणि कितीतरी वेळ पदर तोंडावरून काढलाच नाही. शेवटी म्हणाली, "जा आता. घरी कामं पडली असतील तुझी."

त्यानंतर आठवडाभर गाव गुण्यागोविंदाने नांदलं. सासूसुद्धा पाटावर बसून, खाली न उतरता, पाणी भरायला लागली आणि हे सगळं तिच्याच सांगण्यावरून झालं असं लोकांना कळू लागलं. गवंडिणीला वाटलं, सुटलो.

मग एक दिवस वरच्या आळीत सगळ्यांचं पाणी नीट येतं का हे पाहायला ती गेली. थोरलीच्या अंगणातून पहारीचा आवाज येत होता आणि त्याच्याबरोबर हसण्याचा. ती फाटकापाशी थबकली. नळाखाली कमरेएवढा खड्डा झाला होता. आत तिचा नवरा उभा होता, घामाने निथळत. काठावर थोरला दीर बसून माती ओढत होता. दोघे भाऊ लहानपणी कुणाच्या तरी बोरी चोरल्याची गोष्ट एकमेकांना सांगत होते, दोघांनाही ती ठाऊक असताना.

तिला पाहून नवऱ्याचा चेहरा उतरला नाही, उलट फुलला. "अगं, दादाने स्वतः हाक मारली," तो म्हणाला. "स्वतः घरी आला होता. म्हणाला, तुझ्या हातचं काम हवं."

कितीतरी वर्षांत तिने त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. वाटणीपासून मनात बसलेली अढी भावाभावांनी एका सकाळीत काढून टाकली होती, आणि ती काढायला त्यांना जगात खड्डाच सापडला होता. तिला ओरडावंसं वाटलं. काय करावं ह्या माणसांचं? नाही म्हणता येत नाही म्हणून ह्याने गाव खणलं, आता भाऊ बोलला म्हणून पुन्हा खणतोय. आणि तिने तोंड उघडलं की हे हसणं बंद होणार, कदाचित कायमचं.

थोरली दारात होती. ती आज डोळ्यांत पाहत नव्हती.

"जाऊबाई, तुम्ही?" गवंडिणीने विचारलं.

"माझं घर शेवटचं," थोरली म्हणाली. "माझ्यापुढे कुणी नाही. कुणाच्या तोंडचं पाणी तोडतेय मी?"

गवंडिणीने कुंपणाकडे पाहिलं. पलीकडे शेजारीण उभी होती. ती खड्ड्यात वाकून बघत होती आणि डोळ्यांनी खोली मोजत होती. थोरलीनेही तिकडे पाहिलं आणि मान वळवली.

"करंगळीएवढी धार येते गं," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळं आयुष्य दोर ओढला मी. एकदा तरी जाड धार पडावी असं वाटतं ना माणसाला."

"वाटतं," गवंडीण म्हणाली. "मलाही वाटतं. सगळ्यांनाच वाटतं, हेच तर दुखणं आहे."

बोलून बोलून तिचा घसा सुकला होता, गेले कित्येक दिवस ती बोलतच होती. तिने दिराच्या बाजूचं भरलेलं घमेलं उचललं आणि खड्ड्यात रितं केलं. माती नवऱ्याच्या पायांवर पडली. तिने दुसरं भरलं. दीर उठून उभा राहिला. तिसऱ्या घमेल्याला माती नवऱ्याच्या घोट्यांवर आली. तो एकदा भावाकडे, एकदा बायकोकडे पाहत तसाच पहार धरून उभा होता.

"मी आधी बाहेर येऊ का?" त्याने विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा."

थोरली पायऱ्या उतरून अंगणात आली. तिने गवंडिणीच्या हातातलं घमेलं धरलं. दोघींनी ते दोन्हीकडून घट्ट धरून ठेवलं आणि आता ही ओढणार असं गवंडिणीला वाटलं. सोडायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. थोरलीने ओढलं नाही. ती घमेल्याकडे पाहत राहिली, मग तिने एक मोठा श्वास सोडला आणि दोघींनी मिळून ते खड्ड्यावर उलटं केलं. दिराने कपाळाला हात लावला आणि मग भावाला बाहेर ओढायला तोच हात पुढे केला.

थोरली कुंपणाकडे वळली. "बघत काय उभी राहिलीस?" ती शेजारणीला म्हणाली. "घमेलं घेऊन ये."

शेजारीण लगेच घेऊन आली. शोधावं लागलंच नाही तिला. नवं कोरं घमेलं तिच्या दारात नळापाशी तयारच होतं, पहारीसकट.